पाव अँपिअरचा संसार

जयपूरच्या मालवीय नगरात बॅटरीची लायकी वजनावरून ठरते. दोन माणसांना ती जिना चढवताना धाप लागली, मधल्या वळणावर टेकवून त्यांनी पाणी मागितलं, की घरमालकाला पैसे वसूल झाल्याचं समाधान मिळतं. दीडशे अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी अ‍ॅसिडसकट ५० किलोच्या वर भरते. ती जिन्याखाली किंवा मागच्या बाल्कनीत मुक्काम ठोकते. तिच्या सहा तोंडांत डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, पाण्यावर तरंगणारे खुंट किती खाली गेलेत ते वाकून बघायचं, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना वीज गेली की सगळ्या घरानं तिच्या भरवशावर एका पंख्याखाली जमायचं. म्हातारपणीही तिला मान असतो. दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतो, कारण आत शिसं असतं आणि शिशाला किलोचा भाव असतो.

अशा वस्तीतल्या एका मराठी घरात काकांना एक किलोची बॅटरी हवी होती.

काका मूळचे मालवणचे. नोकरीनं राजस्थानात आणलं आणि मुलांच्या शाळांनी इथंच रुजवलं. घर गौरव टॉवरपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, त्यामुळे खाऱ्या पाण्याशी संबंध उरला तो बोअरवेलपुरता. पुतण्या मात्र देवबागला असतो, कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. पर्यटकांना खोल्या देतो, आणि ज्यांना हौस असेल त्यांना वल्हवायला कयाक देतो. हिवाळ्यात काका तिथं जातात, त्यातली एक कयाक ताब्यात घेतात आणि गळ टाकून खाडीत बसतात. मासा लागतो कधी, कधी नाही. यंदा काकांनी या अनिश्चिततेवर विज्ञानाचा इलाज करायचं ठरवलं आणि चार इंची पडद्याचा एक फिश फाइंडर मागवला.

हे यंत्र तसं साधं असतं. होडीच्या तळाशी एक वाटोळा डोळा बसवायचा. तो पाण्यात आवाजाचे ठोके सोडतो, आपल्या कानाला ऐकू न येणारे. तळावर आपटून ठोका परत आला की किती वेळ लागला त्यावरून खोली कळते, आणि वाटेत मासा असेल तर त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून प्रतिध्वनी उठतो. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये हे यंत्र कोळ्यांच्या वापरात आणलं. मुशी आणि वागळं यांच्या पोटात ती हवेची पिशवीच नसते, त्यामुळे ती पडद्यावर अंधूक दिसतात. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मुशी नाही दिसली तरी चालेल. चोणक आणि तांबोशी दिसली म्हणजे झालं."

अडचण निराळीच होती. मालवीय नगरात मासे शोधायचं यंत्र आणलंय ही काही गल्लीत मिरवायची गोष्ट नव्हती. खालचे शाकाहारी, समोरचे शाकाहारी, आणि शेजारच्या आजी तर कांदा-लसूणही न खाणाऱ्या. कुरिअरवाल्यानं खोका शेजारी दिला, त्यामुळे चौकशी झालीच. काकांनी सांगितलं, "पाण्याची खोली मोजायचं यंत्र आहे." शेजाऱ्यांचे डोळे चमकले. "मग आमच्या बोअरची मोजून द्या ना! दोन वर्षांत पाणी कुठं गेलंय कळत नाही."

शेजाऱ्यांचं चुकलं नव्हतं. जयपूरला पाण्याची खोली हा थट्टेचा विषय नाही. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावात झाल्या होत्या. आशियाभरातल्या वल्हेकऱ्यांनी जिथं पाणी कापलं, त्या तलावाचा तळ पुढं कोरडा पडला. आता शहराला पाणी येतं ते टोंक जिल्ह्यातल्या बिसलपूर धरणातून, शंभराहून अधिक किलोमीटरवरून नळानं. तेव्हा जयपूरमध्ये फिश फाइंडर विकत घेणाऱ्या माणसाकडं लोक जरा निरखून बघणार, हे काकांनी गृहीतच धरलं होतं. बॅटरीवाला निरखून बघेल याची मात्र त्यांना कल्पना नव्हती.

दुकानात शिरताच पहिला प्रश्न आला, "लोड क्या है, भाईसाब?"

काकांनी खोका पुढं केला. दुकानदारानं तो फिरवून फिरवून वाचला आणि बोट ठेवलं, २०० वॉट. कॅल्क्युलेटर काढला. दोनशे भागिले बारा व्होल्ट, म्हणजे जवळपास १७ अँपिअर. किती तास चालवणार? काका म्हणाले, सकाळी निघालो की आठेक तास. सतरा गुणिले आठ, १३६. दुकानदारानं कॅल्क्युलेटर गल्ल्यावर ठेवला आणि प्रसन्न चेहऱ्यानं निकाल दिला, "एक सौ पचास की ट्यूब्युलर ले जाइए."

मालवीय नगरातला कुठलाही हिशेब अखेर दीडशेच्या ट्यूब्युलरवर येऊन थांबतो. फ्लॅट दोन खोल्यांचा असो की चार, पंखे तीन असोत की सहा, उत्तर तेच. पण ५० किलोची बॅटरी कयाकवर ठेवायची म्हणजे काकांनी किनाऱ्यावर बसायचं आणि बॅटरीनं मासेमारीला जायचं. कयाक स्वतःच २५-३० किलोची असते.

घराच्या वरच्या खोलीत एमएनआयटीत शिकणारा एक मुलगा भाड्यानं राहतो. एमएनआयटी म्हणजे पूर्वीचं मालवीय रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज, १९६३ सालचं. त्या परिसरात इंजिनिअर इतके आहेत की गॅसची शेगडी बिघडली तरी दोन मतं मिळतात. मुलानं खोका बघितला, पण वॉटच्या आकड्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यानं माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं आणि बारीक अक्षरातली एक ओळ दाखवली. यंत्र चालताना सरासरी वीज घेतं साधारण पाव अँपिअर. खोक्यावरचे २०० वॉट हे त्या ठोक्याचं बळ. ठोका क्षणाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता असतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये यंत्र नुसतं कान देऊन बसलेलं असतं.

"म्हणजे आठ तासांना?" काकांनी विचारलं.

"दोन अँपिअर-अवर, अंकल."

काका जरा हिरमुसले. दीडशेवरून एकदम दोन! मुंगीला साखर घालायला ते ट्रक ठरवून बसले होते. मग त्यांनी यंत्राची भूक वाढवायला सुरुवात केली. मोबाईल एकदा पूर्ण चार्ज करायचा, त्याचे बारा व्होल्टवर दीडेक अँपिअर-अवर. अंधार पडताना दुसऱ्या होडीवाल्याला आपण दिसावं म्हणून पांढरा एलईडी दिवा, दोन-अडीच वॉटचा. दोन तास लावला तर अर्धा अँपिअर-अवरही नाही. खूप ताणूनही बेरीज चारच्या आसपास अडली. मुलानं सांगितलं की बॅटरी तळापर्यंत ओरबाडायची नसते, थंडी, वय आणि विसरभोळेपणा यांच्यासाठी थोडी शिल्लक ठेवायची असते. सातची घ्या. हा आकडा काकांना पसंत पडला. साताला निदान थोडी प्रतिष्ठा आहे.

आता सात अँपिअर-अवरच्या स्थळांची छाननी सुरू झाली.

पहिलं स्थळ घरातच होतं. काँप्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती सीलबंद, चौकोनी, बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी. भारतातल्या कुठल्याही गावात मिळते, सांडत नाही, स्वस्त असते. वजन दोन किलोच्या वर. शिशाच्या बॅटरीची एक खोड म्हणजे तिच्यावरचा आकडा तिनं आपल्या सवडीनं दिलेला असतो. सात अँपिअर-अवर म्हणजे वीस तासांत संथपणे काढली तर सात. घाई केली तर ती हात आखडता घेते. पण पाव अँपिअरची मागणी ही तिच्या लेखी घाईच नव्हे, म्हणून फिश फाइंडरला ती जवळजवळ पुरा शब्द पाळते. दुसरी खोड म्हणजे दर वेळी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य भराभर सरतं. मुलानं निःपक्षपातीपणे सांगितलं, "अंकल, काम तर हिच्यावरही चालेल."

हे काकांना मानवलं नाही. चालेल म्हणून कोणी खरेदी करत नसतं. "दोन किलो म्हणजे फार झालं," ते म्हणाले. काकू मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "परवा भाजीबाजारातून सात किलो मटार उचलून आणलेत ते कुठल्या हातानं?"

दुसरं स्थळ पॉवर बँकचं. त्यावर ठसठशीत छापलं होतं, २०,००० एमएएच. काका खूश झाले, कारण सात अँपिअर-अवर म्हणजे ७,०००, आणि इथं तर जवळजवळ तिप्पट. मुलानं पुन्हा गणित घातलं. तो वीस हजारांचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा. गुणाकार करा, ७४ वॉट-अवर. बारा व्होल्टची सात अँपिअर-अवरची बॅटरी ८४ वॉट-अवरची. व्होल्टसकट गुणल्याशिवाय दोन बॅटऱ्यांची तुलना करायचीच नसते, एवढं काका त्या संध्याकाळी शिकले आणि रात्री मुंबईच्या मेहुण्याला फोनवर शिकवलं. शिवाय पॉवर बँकेचे पाच व्होल्ट बाराला नेणारी वायर वेगळी घ्यावी लागते. ती हलक्या प्रतीची निघाली तर तिची खरखर फिश फाइंडरच्या पडद्यावर उमटते, आणि माणूस विजेच्या कचऱ्याला माशांचा थवा समजून गळ टाकत बसतो. काही पॉवर बँका तर एवढी कमी वीज लागते म्हणजे कुणी वापरतच नाही असं समजून आपणहून झोपी जातात.

तिसरं स्थळ सुताराच्या ड्रिल मशीनची बॅटरी. हलकी, मजबूत, पण पुरी भरली की तिचा दाब २० व्होल्टच्या वर जातो. यंत्र घाबरेल, मध्ये आणखी एक यंत्र लावावं लागेल. तिला नकार कळवण्यात आला.

चौथं स्थळ लिथियम आयर्न फॉस्फेटचं. त्याची पत्रिका बघताना काका भारावून गेले. शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये केली, म्हणजे १८५७ चा उठाव नुकताच शमला होता तेव्हाची. लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा पायाभूत शोधनिबंध १९९७ चा, टेक्सास विद्यापीठातला. त्यावरची नावं पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ. दोन नावं आपल्याकडची निघाल्यामुळे काकांना उगाचच लग्नघरचे पाहुणे भेटल्यासारखं झालं. यातल्या जॉन गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. काकांनी ही माहिती काकूंना मुद्दाम वाचून दाखवली. निवृत्तीनंतर नवे छंद लावून घेऊ नयेत, असं काकूंचं मत होतं.

या रसायनात कोबाल्ट नाही, निकेल नाही. ते सहसा भडकत नाही. दोन-तीन हजार वेळा भरलं-उतरवलं तरी टिकतं. सातातले साडेसहा तरी बिनघोर वापरता येतात, आणि वजन किलोच्या आसपास. किंमत मात्र शिशाच्या दोन-तीन पट. राजस्थानाभिमानी शेजाऱ्यांना ते परकं वाटेल म्हणून काकांनी त्याचंही उत्तर शोधून ठेवलं होतं. शिसं तर राजस्थानचं घरचंच, रामपुरा आगुचा आणि राजपुरा दरीबा या खाणी इथल्याच. पण फॉस्फेटही इथलंच, उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचं. लोखंड कुठंही मिळतं. राहता राहिलं लिथियम. मे २०२३ मध्ये नागौरकडच्या डेगाण्यात लिथियमचा प्रचंड साठा सापडल्याच्या बातम्या झळकल्या, जयपुरात पेढे वाटायचेच बाकी होते, आणि लगोलग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्या निराधार ठरवल्या. त्यामुळे तूर्त सेल येतात ते बहुतेक चीनमधून.

रसायन ठरलं, पण दुकान ठरेना. ट्यूब्युलरवाल्या दुकानदारानं चित्र बघितलं आणि हातानं वजनाचा अंदाज घेत म्हणाला, "इतने में तो पंखा भी नहीं चलेगा, भाईसाब." खरा जाणकार भेटला तो ई-रिक्षांच्या गराड्यात. जयपूरच्या ई-रिक्षावाल्याइतका बॅटरीचा अभ्यास कुठल्या प्राध्यापकाचाही नसेल. आसनाखाली शिशाच्या चार बॅटऱ्या, ४८ व्होल्ट. त्यांचं ओझं रोज ओढायचं, रात्रभर चार्ज करायच्या, आणि दिवस मावळताना वेग मंदावला की शिव्या घालायच्या. आता त्यांच्यातले बरेच लिथियमकडं वळलेत. त्यांना बॅटऱ्या जुळवून देणारा एक कारागीर मालवीय नगरच्या औद्योगिक भागात बसतो. काकांनी आपली गरज सांगितल्यावर तो हसला नाही. त्यानं ड्रॉवरमधून चार जाडजूड गोल सेल काढून टेबलावर उभे केले. प्रत्येक ३.२ व्होल्टचा, सहा अँपिअर-अवरचा. चार एकामागोमाग जोडले की १२.८ व्होल्ट. वर नखाएवढ्या चिपांची एक पट्टी. ती प्रत्येक सेलवर लक्ष ठेवते आणि कुणी प्रमाणाबाहेर भरला किंवा उतरला की वीज तोडते. मग सगळ्याला निळ्या प्लास्टिकची नळी घालून गरम हवेनं आवळायची. झालं. पाऊण किलोच्या आत. काकांनी ते चार सेल तळहातावर तोलले आणि त्यांचं मन तिथंच बसलं.

त्या रात्री काकूंनी विचारलं, "हे विमानात नेऊ देतील?"

हा प्रश्न मालवीय नगरातल्या कुठल्याही बॅटरीला आजवर पडला नव्हता. ट्यूब्युलर बॅटरी फक्त जिन्यावरून प्रवास करते. काकांनी नियम शोधले आणि त्यांना कळलं की आपली बॅटरी मासा ठरवत नाही, यंत्र ठरवत नाही, विमान ठरवतं. सुटी लिथियम बॅटरी सामानात द्यायची नाही, हातातच ठेवायची. १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी हवी, आणि अशा जास्तीत जास्त दोन. १६० च्या वर प्रवाशाला नाहीच. टोकं चिकटपट्टीनं झाकलेली हवीत. मुख्य म्हणजे बॅटरीवर तिचे वॉट-अवर छापलेले हवेत. कारागिराच्या निळ्या नळीवर काहीच छापलेलं नव्हतं. "मी स्केचपेननं लिहून देतो," असं तो प्रेमानं म्हणाला, पण विमानतळावर हस्ताक्षराचं कौतुक होईल अशी काकांना खात्री वाटेना.

रेल्वेचा विचार झाला. अजमेरहून निघून जयपूर, मग कोकण रेल्वेमार्गे एर्नाकुलमला जाणारी मरुसागर एक्स्प्रेस आहे. पण ती आठवड्यातून एकदाच, आणि काकांच्या कंबरेचं आणि तिच्या बर्थचं पूर्वीपासून जमत नाही.

मग आकडेच बोलू लागले. १२.८ गुणिले २०, २५६, बाद. १२.८ गुणिले १२, १५३.६, परवानगीच्या ईमेलांचा त्रास. १२.८ गुणिले ७, ८९.६. बसली! काकांनी छापील वेष्टनाची सात अँपिअर-अवरची बॅटरी मागवली. ती आली तेव्हा त्यांनी आधी वजन केलं नाही, व्होल्ट तपासले नाहीत. चष्मा लावून फक्त ८९.६ हा आकडा वाचला आणि बायकोला वाचायला लावला.

चार्जिंगचा पेच मग उभा राहिला. घरात इन्व्हर्टर असताना वेगळा चार्जर कशाला, असा काकांचा सरळ हिशेब. मुलगा धावत खाली आला. इन्व्हर्टर आपल्या दीडशेच्या बॅटरीला दहा-पंधरा अँपिअरनं भरतो. सातच्या बॅटरीला तो घास मोठा होईल. शिवाय हिचं पोट १४.६ व्होल्टला भरतं आणि तिथं हात थांबवावा लागतो, शिशासारखं मागाहून थेंब थेंब पाजत राहायचं नाही. वेगळा चार्जर आलाच. त्यावर उन्हाळ्याची एक अट निघाली. ४५ अंशांच्या वर ही बॅटरी भरू नये. म्हणजे मे-जूनच्या दुपारी मालवीय नगरच्या गच्चीवरच्या खोलीत नाहीच. बेडरूममध्ये एसी लागलेला असताना चार्जिंग करायचं ठरलं. घरात एसी कुणासाठी लावलाय, यावरून काकूंनी केलेली टिप्पणी इथं छापण्याजोगी नाही. एरवी महिनोन्महिने पडून राहणार असेल तर ती पुरी भरून ठेवायची नाही, अर्ध्यावर ठेवायची. घरात हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद बॅटरीत पाणी घालायची जबाबदारी ज्याच्यावर होती त्या धाकट्या मुलाला झाला. हिला तोंडच नव्हतं.

जयपूर विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी थांबली. गणवेशातल्या माणसानं बॅटरी बाहेर काढली, उलटी-पालटी केली. "ये किसकी है?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं. गल्लीतलं कुणी रांगेत नव्हतं. "मछली ढूँढने की मशीन की," त्यांनी पहिल्यांदाच खरं सांगितलं.

त्यानं आकडा वाचला, टोकांवरची चिकटपट्टी दाबून बघितली आणि बॅटरी परत दिली. मग हलक्या आवाजात विचारलं, "मिल जाती है?"

देवबागला पुतण्यानं बॅटरी हातात घेतली आणि खालीवर करून बघितली. आत काही आहे की नुसता डबा, अशी त्याला शंका आली. मग जोडणी सुरू झाली, आणि खाऱ्या पाण्यातली जोडणी हा कोकणातल्या माणसाचा प्रांत. धन टोकापासून वीतभराच्या आत तीन अँपिअरचा फ्यूज, म्हणजे पुढं कुठं वायर घासून एकमेकींना भेटल्या तर आग व्हायच्या आधी फ्यूज जाईल. टोकांना ग्रीस, कारण खारी हवा तांब्याचं हिरवं करायला फार वेळ घेत नाही. बॅटरी, वायरींचं भेंडोळं आणि एक स्पंज हे सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. डबा कुठं ठेवायचा यावर मात्र चर्चा झाली. कयाकमध्ये वजन किती यापेक्षा ते कुठं, हा प्रश्न मोठा असतो. मागं गेलं तर नाक वर होतं आणि वारा ते फिरवतो, एका कडेला गेलं तर दिवसभर एकाच बाजूनं वल्हवावं लागतं. डबा काकांच्या पायांच्या पुढं, बरोबर मध्यावर बसला.

मग काकूंनी बाकीचं सामान दिलं. थालीपिठांचा चार पुडी डबा. चहाचा थर्मास. पाण्याच्या दोन बाटल्या. खजूर. टॉवेल. घाम आला तर दुसरा टॉवेल. बीपीच्या गोळ्या. छत्री. शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियम घेऊन काकांनी महिनाभरात जो सव्वा किलो वाचवला होता, तो पहिल्या दोन पुडांतच खर्ची पडला. पुतण्यानं लाईफ जॅकेटचे पट्टे आवळताना काकांच्या पोटाकडं पाहिलं, पण नात्यानं लहान असल्यामुळे तो काही बोलला नाही.

पाण्यात यंत्र छान चाललं. पडद्यावर खोली आली, २.३ मीटर. शेजारच्या होडीतून पुतण्यानं बांबू खाली टेकवला, वर काढला आणि ओल्या खुणेकडं बोट दाखवलं. तेवढीच. तरी काका बांबूवर भाळले नाहीत. पडद्यावर तळाची रेघ होती, रेघेवर खडक होता, खडकाच्या आडोशाला दोन-तीन कमानी होत्या. कमान म्हणजे मासा. काकांनी ओरडून सांगितलं. पुतण्या म्हणाला, "काकानू, मासो खंय गावतलो ता माका इचारा. त्या डब्याक कित्याक इचारतास?" तरी त्यानं कमानींच्या दिशेनं गळ टाकला, आणि एक मध्यम आकाराची तांबोशी वर आली. यश कुणाचं, यावर दोन्ही होड्यांत एकमत झालं नाही.

बॅटरीनं एकच गंमत केली. शिशाची बॅटरी रिकामी होत जाते तसा तिचा दाब उतरत जातो आणि पडद्यावरची खूण हळूहळू खाली येते. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दाब मात्र बराच काळ १३ च्या आसपास ठाण मांडून बसतो. खूण सकाळी भरलेली, दुपारी भरलेली, तिसऱ्या प्रहरीही भरलेलीच. संपत आलं की आतली ती चिपांची पट्टी कसलीही पूर्वसूचना न देता वीज तोडते. म्हणून काकांनी खिशात वही ठेवली होती आणि पाव अँपिअरच्या हिशेबानं ते दर तासाला खर्च टिपत होते. साडेतीन वाजता वहीनं सांगितलं, अजून निम्म्याहून जास्त बाकी. काकांचा ऊर भरून आला, आणि खांदे मात्र दुखायला लागले. ते भरतीबरोबर खाडीत बरेच आत गेले होते. परतीची वाट भरतीच्या उलट होती.

"पुढच्या वर्षी मोटर लावू," काका म्हणाले.

"कित्याक?" पुतण्यानं विचारलं. त्यानं बोटांवर एक जुना हिशेब केला, कोकण किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांकडून आलेला. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, भरती पुरी होण्याची वेळ मिळते. आज सप्तमी. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. सव्वापाचपर्यंत झाडाखाली टेकायचं, मग ओहोटी आपसूक घरापर्यंत नेईल.

काकांनी तो हिशेब वहीत उतरवून घेतला, पण पान उलटून दुसरा मांडला. छोटी विजेची मोटर, पूर्ण वेगात ३० अँपिअर. पन्नास अँपिअर-अवर घेतली तर दीड तास. १२.८ गुणिले ५०, ६४० वॉट-अवर. विमानात बंद. म्हणजे मरुसागर. म्हणजे आठवड्यातून एक गाडी, आणि खालचाच बर्थ मिळायला हवा. वजन लिथियममध्ये पाच-सहा किलो, शिशात पंधराच्या आसपास. मग डबा पायांपुढं ठेवायचा की पाठीमागं, नाक किती उचललं जाईल, आणि ते भरून काढायला पुढच्या बाजूला काय ठेवायचं?

पुतण्यानं तोवर चार पुडी डबा उघडला होता. उरलेली थालीपिठं खाऊन त्यानं होडीचं वजन आणखी थोडं कमी केलं.